अनबाउंड ग्रॅव्हल, २०० मैल : बीआरएमचा अनुभव तिथे कितपत कामी येतो?

भीमाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी दरवर्षी मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी अनबाउंड ग्रॅव्हल ही सायकल शर्यत होते. तिच्या सोडतीत मी नाव घातले होते आणि ते निघाले आहे. घरात कोणाला न सांगता घातले होते, त्यामुळे आनंद थोडा अडचणीचाच म्हणायचा. पल्ला २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरचा, आणि जवळजवळ सगळा खडीच्या, कच्च्या रस्त्यांवरचा आहे. शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास सुटायचे आणि रविवारी पहाटे तीनच्या आत परत यायचे, असे सुमारे एकवीस तास हाताशी असतात.

माझे वय ४३ आहे. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) एकाच हंगामात पूर्ण करून एसआर, म्हणजे सुपर रँडोनर, ही उपाधी मी दोनदा मिळवली आहे. तीनशेची बीआरएम वीस तासांत संपवायची असते, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. एम्पोरियाचा भागाकारही पंधराच्या किंचितच वर येतो. कागदावर पाहता घाबरण्याचे कारण नाही, तरी मी घाबरलो आहे, कारण कच्च्या रस्त्यांचा माझा अनुभव रानातल्या वस्त्यांवर जाणाऱ्या मुरमाच्या वाटांपलीकडे नाही.

या वर्षी २०० मैलांनाच उतरावे, की शंभर मैलांच्या गटात बदल मागून पाहावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याला जोडून टायरविषयीही विचारायचे आहे. सायकल अॅल्युमिनियमची आहे, तिच्यात सध्या ४० मिलिमीटरचे टायर आहेत आणि ४५ पर्यंतचे बसतात, असे कंपनी सांगते. आणखी एक गोष्ट अशी की तिथे आपली मदत करणारा माणूस आपणच न्यायचा असतो असे वाचले; माझ्या पत्नीने आजवर माझी एकही बीआरएम पाहिलेली नाही. तिला हे जमेल का?

रात्रवाट

भीमाकाठ, अभिनंदन. घरी सांगण्याचे काम शर्यतीपेक्षा अवघड आहे, ते आधी उरका.

माझे मत सरळ आहे : २०० मैलांनाच उतरा. सहाशेची बीआरएम ज्याने पूर्ण केली आहे, तो रात्री डोळ्यांवर येणाऱ्या झोपेशी झगडलेला असतो, अन्न नकोसे झाले असताना चार घास कसे ढकलायचे ते शिकलेला असतो, आणि पहाटे चार वाजता मनात येणारे विचार सूर्य उगवल्यावर राहत नाहीत हेही त्याला ठाऊक असते. हे शहाणपण रस्ता डांबरी आहे की खडीचा यावर अवलंबून नसते. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी ओलांडण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी आणि लष्करातील श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली, आणि तिचा मार्ग कॅन्सस राज्य आडवे ओलांडूनच पुढे जातो. म्हणजे तिथला वारा आणि तिथले ऊन आपल्या माणसांनी पचवलेले आहे.

दर आठवड्याला एक लांबची राइड कच्च्या रस्त्यावर करा. बाकी पायांचे काम तुमच्या एसआरने केलेलेच आहे. टायरविषयी मी बोलत नाही, कारण त्यातले मला कळत नाही.

फाटका टायर

रात्रवाट यांच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे, पण त्यांनी दिलेल्या कारणांशी नाही.

मी ही शर्यत २०२३ साली पूर्ण केली आणि पहाटे दोन वाजून चोवीस मिनिटांनी पोहोचलो, म्हणजे दार बंद व्हायला छत्तीस मिनिटे उरली होती. पाय शेवटपर्यंत शाबूत होते. झोपही आली नाही, कारण एकवीस तासांत ती यायची वेळच होत नाही. रेस अक्रॉस अमेरिका ही डांबरी रस्त्यावरची शर्यत आहे आणि तिथे स्वाराच्या मागे त्याच्या माणसांची गाडी असते. अनबाउंडमध्ये ठरवून दिलेल्या थांब्यांखेरीज तुमच्या माणसाने तुम्हाला पाण्याची बाटलीसुद्धा द्यायची नसते. मध्ये आयोजकांनी ठेवलेले पाणी मिळते, पण दोन मोठ्या थांब्यांमधल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये जे काही मोडेल, फाटेल किंवा संपेल, ते तुमच्या खिशातल्या सामानानेच निस्तरावे लागते. मार्ग स्वतःच्या सायकल-संगणकावरून शोधायचा असतो आणि मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते.

तुम्ही सरासरीचा जो हिशेब मांडला आहे तो मीही मांडला होता आणि तो बरोबरच आहे, फक्त त्यातून काही कळत नाही. माझ्या त्या दिवसाचा जमाखर्च सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल. एकूण वेळ वीस तास चोवीस मिनिटे. त्यातली एक तास पंचवीस मिनिटे चिखलात चालण्यात गेली, चाळीस मिनिटे फाटलेल्या टायरपायी, पस्तीस मिनिटे पहिल्या थांब्यावर आणि पंचेचाळीस दुसऱ्या थांब्यावर. उरलेल्या सतरा तासांत मी ताशी पावणेएकोणीसच्या आसपास चाललो. डांबरी रस्त्यावरच्या बीआरएममध्ये मी चोवीसने चालतो. म्हणजे रस्त्याच्या जातीने पाच किलोमीटर आधीच खाल्ले होते, आणि त्यानंतर जे साडेतीन तास गेले ते सायकलवर बसून गेलेलेच नव्हते. मी आणखी तंदुरुस्त असतो तर त्या साडेतीन तासांतले एक मिनिटही कमी झाले नसते.

चिखलाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण २०२३ ची शर्यत त्यासाठीच लोकांच्या लक्षात आहे. आम्ही गाव सोडून तास-दीड तासही झाला नसेल, तोच मार्ग एका अशा वाटेला लागला जिच्यावर खडी टाकलेलीच नव्हती. आदल्या दिवसांत पाऊस झालेला होता. माझे आजोळ परभणीकडचे. काळ्या रानात पाऊस झाल्यावर बैलगाडीचे चाक कसे थाळीएवढे जाड होते ते मी लहानपणी पाहिलेले आहे, आणि इथे अगदी तेच झाले. तिकडचे लोक त्याला शेंगदाण्याच्या लोण्याचा चिखल म्हणतात. पहिल्या वीस मीटरमध्ये टायर आणि चौकट यांच्यामधली जागा भरली, पुढच्या दहा मीटरमध्ये चाक फिरायचे थांबले, आणि जे लोक तरीही पेडल मारत राहिले त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे मागचे डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ते चौकटीला ज्यावर बसते त्या हँगरसकट मोडून चाकात गेले. माझ्या डोळ्यांसमोर एका तासात सात-आठ जणांची शर्यत तिथेच संपली. मी खाली उतरलो, सायकल खांद्यावर घेतली आणि वाटेच्या कडेच्या गवतातून चालू लागलो. रंग ढवळायला देतात तसली एक लाकडी पट्टी मला गावातल्या दुकानदाराने सुचवली होती. तेव्हा मी हसलो होतो. चिखल खरवडायला तिच्याइतके उत्तम हत्यार नाही, आणि बोटांनी तो निघत नाही.

टायर दुपारी फाटला, पहिल्या थांब्यानंतर तासाभराने. उतारावर समोरचा माणूस धुळीत दिसेनासा झाला होता आणि मी चाकाखाली काय येते ते पाहत नव्हतो. फट्ट असा आवाज झाला आणि मागच्या चाकातून सीलंटची (टायरमधली भोके आतून बुजवणाऱ्या द्रवाची) पांढरी पिचकारी माझ्या पोटरीवर उडाली. बाजूच्या भिंतीला अंगठ्याच्या पेराएवढी चीर पडली होती. एक प्लग (भोकात ठासायची चिकट पट्टी) घातला, तो निघाला. दोन एकत्र घातले, तेही निघाले. शेवटी ट्यूब घालायची ठरवली, पण चिरेतून ती बाहेर डोकावू लागली. पाकिटात दहा रुपयांची एक नोट राहिलेली होती. ती चार पदरी दुमडून आतून लावली, वरून ट्यूब घातली, हवा कमीच भरली आणि उरलेले दोनशे किलोमीटर त्याच नोटेवर काढले. आता ती चौकटीत घालून घरी लावली आहे, कॅन्ससच्या धुळीसकट.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की २०० मैलांना जरूर उतरा, पण पायांची तयारी करायची तितकी केली की उरलेला वेळ थांबण्याच्या तयारीला द्या. अंधारात, हाताला सीलंट लागलेले असताना प्लग घालणे, ट्यूब बसवणे, चेन तुटल्यास जोडणे, हे घराच्या अंगणात घड्याळ लावून पुन्हा पुन्हा करा. टायर ४५ चेच घ्या, भिंत मजबूत केलेले. माझे वजन ७४ किलो आहे आणि मी हवेचा दाब मागे तीस, पुढे सत्तावीस पीएसआय ठेवला होता. चाळीस पीएसआय ठेवणारे माझे दोन सोबती दुपारपर्यंत हात बधिर होऊन बसले होते.

प्रेअरीवासी

मी गेली चौदा वर्षे कॅन्सस सिटीच्या उपनगरात राहते. माझे यजमान दोनदा या शर्यतीत उतरले आणि दोन्ही वेळा त्यांची मदतनीस मीच होते, त्यामुळे भीमाकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नावर बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजते. त्याआधी जमिनीविषयी दोन शब्द लिहिते, कारण टायर का फाटतात हे कळल्याखेरीज ते कुठे फाटतील याचा अंदाज येत नाही.

या टेकड्यांना फ्लिंट हिल्स म्हणतात. फ्लिंट म्हणजे आपला चकमकीचा दगड, गारगोटीच्याच कुळातला. इथल्या चुनखडीच्या थरांमध्ये हा दगड गाठींसारखा आणि पट्ट्यांसारखा बसलेला असतो. चुनखडी मऊ असल्याने पावसापाण्यात झिजून जाते आणि चकमकीचे तुकडे मागे राहतात. ते फुटले की कडेला पातीसारखी धार येते, आणि आदिम माणूस याच दगडाची हत्यारे करत असे. नांगराचे लोखंड या जमिनीपुढे टिकले नाही, म्हणून इथे शेती न होता गुरे चरत राहिली. अमेरिकेत एकेकाळी जे उंच गवताचे माळ होते त्यांतले चार टक्क्यांहूनही कमी आज उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक इथेच आहेत. स्ट्राँग सिटीजवळ त्यांच्यासाठी १९९६ साली राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रही झाले. ज्या दगडाने हे गवत वाचवले तोच दगड फोडून इथल्या रस्त्यांवर घालतात, आणि तुमच्या टायरची गाठ त्याच्याशीच आहे.

रस्त्यावर मोटारींच्या चाकांनी दोन गुळगुळीत पट्टे तयार झालेले असतात आणि मधल्या वरंब्यावर सुटे दगड साठलेले असतात. बहुतेक टायर पट्टा बदलताना, तो वरंबा ओलांडताना जातात, असे माझे यजमान सांगतात. जिथे 'किमान देखभालीचा रस्ता' अशा अर्थाची पाटी दिसेल तिथे खडी नसते, निव्वळ माती असते. कोरडी असली तर तो मार्गातला सर्वांत सुखाचा तुकडा ठरतो आणि ओली असली तर फाटका टायर यांनी वर्णन केलेले सगळे घडते. कुरणांच्या हद्दीवर रस्त्यात लोखंडी नळ्यांच्या जाळ्या बसवलेल्या असतात, गुरांनी ओलांडू नये म्हणून. त्यांवरून चाक सरळ काटकोनातच न्यावे. ओढ्यांवर पूल नसून सिमेंटचे फरशीपूल असतात. पाणी घोट्याएवढेच असते, पण खाली शेवाळ असते.

घाट एकही नाही. चढाई एकूण तीन हजार मीटरच्या आसपास होते, पण ती तीस-चाळीस मीटरच्या असंख्य लाटांमधून होते, त्यामुळे सह्याद्रीत घाट चढून गेल्यावर उताराला जी विश्रांती मिळते ती इथे मिळत नाही. सावली नाहीच. झाडे फक्त ओढ्याकाठी. वारा बहुधा दक्षिणेकडून येतो, आणि मार्ग फिरून गावातच परतत असल्याने तो केव्हा ना केव्हा तोंडावर घ्यावाच लागतो. मार्ग दरवर्षी तोच नसतो, कधी उत्तरेच्या बाजूचा असतो, कधी दक्षिणेच्या. त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना वर्ष पाहून वाचा.

आता मदतनिसाविषयी. पत्नीने तुमची बीआरएम पाहिलेली नाही हे एका परीने बरेच आहे, कारण तिच्या मनात थांब्यावर चहा पीत बसण्याचे चित्र नाही. मदतनिसांच्या गाड्यांना आयोजकांनी दिलेल्या वाटेनेच थांब्यापर्यंत जायचे असते आणि तिथे पोहोचल्यावर चार-पाच तास उन्हात वाट पाहणे हेच मुख्य काम असते. त्यानंतर स्वार येतो आणि पंधरा मिनिटे तारांबळ उडते. पहिल्या वर्षी मी प्रेमाने घडीची खुर्ची नेली होती. हे आले, खुर्चीत बसले आणि अडतीस मिनिटे उठले नाहीत. गार टॉवेल मानेवर, हातात भाताचा डबा, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आता निघतोच' अशी. दुसऱ्या वर्षी मी खुर्ची गाडीतच कुलूपबंद ठेवली. सायकल मी हातात घेतली, चेन फडक्याने पुसून वंगण लावले, बाटल्या बदलल्या, खिशातले रिकामे कागद काढून नवे खाणे भरले, दिवा आणि त्याची चार्जिंग तपासली, आणि ते उभ्यानेच दहीभात खाऊन बारा मिनिटांत निघून गेले. त्या वर्षी ते सूर्यास्ताच्या आत परतले. इथे जूनच्या आरंभी सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि त्याच्या आधी पोहोचणाऱ्याचे विशेष कौतुक होते.

२००६ साली जिम कमिन्स आणि जोएल डाइक यांनी ही शर्यत सुरू केली तेव्हा ३४ जण उतरले होते. आता निरनिराळ्या पल्ल्यांचे मिळून काही हजार स्वार पंचवीस हजारांच्याही आतल्या या गावात येतात, त्यामुळे राहण्याची सोय सोडतीचा निकाल लागला त्याच आठवड्यात करायला हवी. विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोल्या त्या दिवसांत स्वारांना मिळतात, त्या पाहाव्यात. कॅन्सस सिटीचा विमानतळ गाडीने सुमारे दोन तासांवर आहे. पुण्याहून येणाऱ्याने शर्यतीआधी निदान सहा दिवस इथे असावे. साडेदहा तासांचा फरक आहे. तुमच्या शरीराच्या दृष्टीने शर्यत दुपारी साडेचारला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी दीडपर्यंत चालेल, म्हणजे मधली संपूर्ण रात्र सायकलवर. व्हिसाची मुलाखत मात्र आजच पाहायला घ्या.

साखळी-वंगण

पुण्यात सायकली दुरुस्त करणे हा माझा धंदा आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

फाटका टायर यांनी ४५ चे टायर सुचवले आहेत, त्याला माझा विरोध आहे. कंपनी '४५ पर्यंत बसतात' म्हणते तेव्हा ते कोरड्या रस्त्यापुरते असते. तुमच्या चौकटीत टायर बसवल्यावर दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर थोड्या चिखलातही चाक अडकेल आणि खडे चौकटीचा रंग सोलून काढतील. जागा तेवढी राहत नसेल तर ४२ चा घ्या आणि भिंतीच्या मजबुतीवर पैसे खर्च करा. अर्थात ज्याच्या चौकटीत जागा आहे त्याने आणखी रुंद टायर घ्यावेत. हल्ली या शर्यतीत आघाडीचे स्वारही माउंटन बाइकचे दोन इंचांहून रुंद टायर लावतात, यावरून काय ते समजा.

हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो तिकडच्या लहान गावात ऐन वेळी मिळेल अशी आशा धरू नका. इथूनच दोन मागवा, एक सायकलच्या पिशवीत आणि एक पत्नीकडे. बदलायचा सराव करा. सीलंट आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर सुकते, त्यामुळे मार्चमध्ये भरलेल्या सीलंटवर विसंबून मेमध्ये विमानात बसू नका. तिथे पोहोचल्यावर ताजे भरा, नेहमीपेक्षा थोडे जास्तच. कार्बन डायऑक्साइडची काडतुसेही तिथेच विकत घ्या, विमानतळावर वाद घालायला नकोत. आणि ती असली तरी हातपंप न्यायचाच, कारण पंप संपत नाही.

नोटेची गोष्ट वाचून मजा वाटली, पण त्याहून बरा उपाय सांगतो. जुन्या टायरच्या भिंतीचा तीन बोटे रुंद तुकडा कापून जवळ ठेवा. त्याबरोबर एक दाभण आणि मेणाचा दोरा. मोठी चीर पडली तर आधी चार टाके घालायचे, आतून तुकडा लावायचा आणि मग ट्यूब. आमच्याकडे पोती शिवणाऱ्या माणसाकडून मी हे शिकलो. सायकलच्या कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घरी सांगितले. जे व्हायचे ते झाले आणि तिसऱ्या दिवशी शमले.

फाटका टायर यांचा जमाखर्च वाचल्यावर मी गेल्या रविवारी एक प्रयोग केला. नीरेच्या कालव्याच्या कडेने आणि पुढे माळरानावरच्या मुरमाच्या रस्त्यांनी १४० किलोमीटरची राइड केली आणि चाक फिरत असलेला वेळ व एकूण वेळ असे दोन्ही नोंदवले. चाक सात तास वीस मिनिटे फिरले, म्हणजे ताशी एकोणीस. यावर मी खूश होतो. पण एकूण वेळ नऊ तास दहा मिनिटे निघाला. त्याच प्रमाणाने ३२२ किलोमीटर केले तर एकवीस तास पाच मिनिटे होतात. पाच मिनिटांनी मी बाद, आणि यात चिखल नाही, फाटलेला टायर नाही.

ते एक तास पन्नास मिनिटे कुठे गेले हे आठवून लिहून काढले तेव्हा लाज वाटली. अडतीस मिनिटे एका टपरीवर, जिथे चहा दोन मिनिटांत समोर आला होता. वीसेक मिनिटे फोनवर. हातमोजे काढणे, पुन्हा घालणे, बाटली पिशवीतून काढणे, पिशवीचा पट्टा आवळणे, एका फाट्यावर नकाशा मोठा करून पाहणे, या प्रत्येकाला तीन-चार मिनिटे लागली आणि अशा वेळा चौदा होत्या. बीआरएममध्ये हे कधी जाणवले नाही, कारण तिथे माझा रस्त्यावरचा वेग ही सगळी उधळपट्टी भरून काढत होता.

तेव्हा २०० मैलच ठरले. टायरचे माप घेतले. ४५ लावल्यावर डाव्या बाजूला चारच मिलिमीटर उरतात, त्यामुळे साखळी-वंगण यांचे ऐकून ४२ घेणार आहे. पत्नी येणार आहे. तिने हा धागा पूर्ण वाचला आणि खुर्चीचा परिच्छेद दोनदा वाचला. तिचा एकच प्रश्न आहे : थांब्यावर शेकडो गाड्या असताना मी तिला शोधणार कसा?

रात्रवाट

भीमाकाठ, तुमचा रविवारचा हिशेब पाहून मी माझ्या जुन्या बीआरएमच्या नोंदी काढल्या. गेल्या तीनशेला माझे तीन तास अकरा मिनिटे थांबण्यात गेले होते आणि मी ते 'मजेत केली' असे लिहून ठेवले आहे. माझे वरचे मत मी मागे घेत नाही, पण 'बाकी पायांचे काम झालेलेच आहे' हे वाक्य फार सहज लिहिले गेले, हे मान्य करतो.

फाटका टायर

४२ च्या बाबतीत साखळी-वंगण बरोबर आहेत. माझ्या चौकटीत ५० बसतो, म्हणून मला तो विचार सुचला नव्हता.

चौदा लहान थांब्यांपैकी निम्मे वरच्या नळीवर बसणाऱ्या छोट्या पिशवीने वाचतील. खाणे कागदातून काढून, तुकडे करून त्यात मोकळेच ठेवा. मी राजगिऱ्याची वडी आणि खजूर ठेवत होतो, तासाला साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदके पोटात जातील अशा बेताने. उन्हाने चिक्की वितळून सगळ्याचा एक गोळा होतो, ती नेऊ नका. पाणी पाठीवरच्या नळीच्या पिशवीतून प्या, म्हणजे खडबडीत उतारावर हँडल सोडून बाटलीकडे हात न्यावा लागणार नाही. आणि रविवारचाच रस्ता पुन्हा करून एकूण वेळ आठ तास पंधराच्या खाली आणा. वेग वाढवून नव्हे.

प्रेअरीवासी

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर. तिथे प्रत्येक जण तंबूछत्री लावून बसतो आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, त्यातून धुळीने डोळे लाल झालेल्या माणसाला रंगही नीट कळत नाहीत. माझ्याकडे एका जुन्या नारायणपेठी साडीचा जांभळा पदर होता. तो मी तंबूच्या लांब काठीला बांधते आणि काठी गाडीच्या मागच्या दाराला आवळून उभी करते. पहिल्या वर्षी शेजारच्यांनी हे कोणत्या देशाचे निशाण आहे असे विचारले होते. उंची निदान बारा फूट ठेवा, कारण छत्र्या नऊ-दहा फुटांच्या असतात; आणि कोणत्या रंगाचे कापड शोधायचे ते आदल्या रात्री यजमानांकडून तोंडपाठ म्हणवून घ्या.